वारज्याची ओळ

जनगणनेच्या पुणे जिल्हा पुस्तिकेत वारज्याला एक ओळ होती. हवेली तालुक्यातल्या गावांच्या यादीत, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी. गावाचं नाव, क्षेत्रफळ, घरं, माणसं, पुरुष किती, बायका किती. मग सोयींचे रकाने: शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी, टपाल, बस, रस्ता, वीज. शेवटी जवळचं शहर आणि त्याचं अंतर. 1997 साली पुणे महापालिकेची हद्द वाढली आणि 38 गावं आत घेतली गेली. त्यातली काही पुढे विरोध झाल्यामुळे वगळली, वारजे मात्र शहरातच राहिलं. त्यामुळे 2001 च्या पुस्तिकेत गावांच्या यादीत वारजे शोधू गेलं तर सापडत नाही. गाव जागेवरच होतं, माळवाडीपासून गणपती माथ्यापर्यंत रोज नवी इमारत उभी राहत होती; पण गाव म्हणून त्याला जे प्रश्न विचारले जायचे ते थांबले.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. सत्तरच्या दशकात लग्न होऊन वारज्यात आले, नोकरी हवेली तालुक्यातल्याच शाळांमधून झाली. जनगणना आली की शिक्षकांना प्रगणक म्हणून नेमायचे, तशी माझीही नेमणूक व्हायची. आम्ही माणसं मोजायचो. सोयींचे रकाने तहसील कचेरीतून, तलाठी-ग्रामसेवकांना विचारून भरले जायचे, ते आमच्या हाती यायचे नाहीत. निवृत्तीनंतर मी या पुस्तिका एकेक करून वाचायला घेतल्या तेव्हा कळलं, की आपण मोजलेली माणसं एका पानावर आहेत आणि ती कुठलं पाणी प्यायची, मुलांना किती लांब शाळेत पाठवायची, हे त्याच्या पुढच्या पानावर. दोन्ही पानं एकत्र वाचली की आपल्या मुलखाचा इतिहास दिसायला लागतो. तो कुठल्या बखरीत नाही.

आमच्या हवेली तालुक्याची मोजदाद फार जुनी आहे. पेशवाई बुडाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं नगर रस्त्यावरच्या लोणीकंदचं वर्णन लिहिलं. लोक खातात काय, नेसतात काय, घरात भांडी कुठली, कर्ज किती, अशा बारकाईनं. त्याच गावात सव्वाशेहून अधिक वर्षांनी गो. स. घुर्ये गेले आणि तेव्हाचं लोणीकंद आणि आताचं, असं पुस्तक 1960 मध्ये काढलं. मधल्या काळात पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पवनेकाठचं पिंपळे सौदागर घर न् घर तपासलं. त्यांचं पुस्तक 1917 चं. 1771 मध्ये तिथल्या शेतकऱ्याकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 च्या सुमाराला 7 एकरांवर आली होती, हा त्यांचा हिशेब अजून अर्थशास्त्राच्या वर्गात सांगितला जातो. आज पिंपळे सौदागरात चौदा-चौदा मजली सोसायट्या आहेत. मॅनसाहेबांनी ज्या बांधांची मोजणी केली ते बांध आता कुणाला दाखवताही येणार नाहीत, पुस्तकात मात्र आहेत.

साऱ्या देशाची जनगणना 1872 पासून. तेव्हा पुणे जिल्ह्यात 9 लाख 21 हजार माणसं होती. 1881 ला ती 9 लाखांवर आली. 1876 च्या दुष्काळानं माणसं खाल्ली, काही मुलूख सोडून गेली. 1891 ला आकडा साडेदहा लाखांच्या पुढे गेला, 1901 ला पुन्हा दहा लाखांच्या आत. या दहा वर्षांत प्लेग आला होता आणि छप्पनचा दुष्काळही. 2011 ला जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाख 29 हजार झाली आणि त्यातली 61 टक्के शहरात राहणारी निघाली. या चढउतारातले पहिले तीन आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचे आणि मुलांना विचारायचे, मधे कमी का झाली? पोरं बरोबर सांगायची. त्यांच्या आज्यांनी त्यांना दुष्काळाच्या गोष्टी सांगितलेल्या असायच्या.

सोयी मोजायची कल्पना मात्र स्वातंत्र्यानंतरची. जिल्हा पुस्तिका 1951 च्या जनगणनेपासून निघायला लागल्या. त्याच्या आधी गावात सोयी नव्हत्या असं नाही. गावाची सोय म्हणजे माणूस होता. औत मोडलं तर सुतार, फाळ बोथट झाला तर लोहार, घागर फुटली तर कुंभार, गावचं पाणी भरायला कोळी. टपाल म्हणजे महाराचे पाय: सरकारी कागद, मयताचा निरोप, पाटलाचं बोलावणं, सगळं त्यानं उन्हापावसात गावोगाव पोचवायचं आणि बदल्यात खळ्यावर उभं राहून बलुतं मागायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये 'गावगाड्या'त ही सगळी व्यवस्था तपशिलानं मांडली. कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा झाला 1958 साली. म्हणजे पुस्तिकेत टपालाचा रकाना आला त्याच सुमाराला, ज्यांच्या पायांवर टपाल चालत होतं ते त्या सक्तीतून कायद्यानं मोकळे झाले. त्या रकान्यात 'पोस्ट ऑफिस आहे' एवढीच खूण दिसते, तिच्यामागे हे सगळं उभं आहे.

तलाठ्याच्या दप्तरातही माणसं आणि सोयी यांची अशी जोडी सापडते. गाव नमुना सात-बारा सगळ्यांना माहीत असतो, कारण त्याच्यात जमीन असते. त्याच्या पुढचा तेरा नंबर म्हणजे गावातली माणसं आणि जनावरं. चौदा नंबर म्हणजे गावाचा पाणीपुरवठा. माणसांच्या लगेच मागे पाणी, हा क्रम कुणी लावला ते माहीत नाही, पण लावणाऱ्याला खेडं कळत होतं. आमच्या वारज्याच्या तलाठ्यांकडे एकदा शाळेच्या कामानं गेले असताना मी चौदा नंबर बघायला मागितला. त्यांनी सात-बाराच्या गठ्ठ्याखालून वही ओढून काढली आणि म्हणाले, "बाई, हे मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

पाण्याचा रकाना पुस्तिकेत इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी भरलेला असतो. विहिरीला डब्ल्यू, नळाला टी, तळ्याला टीके, नदीला आर, कालव्याला सी, हातपंपाला एचपी. ज्या गावात एखादी सोय नसेल तिथे ती किती लांब आहे ते लिहायचं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या वर. एका गावाला एका ओळीत तीन-चार खुणा. हवेलीचं पान समोर ठेवलं की मुठेच्या दोन्ही काठांची गावं, डोंगराच्या पोटातली गावं, कालव्यावरची गावं, नुसत्या खुणांवरून वेगळी काढता येतात.

वारजे नदीकाठचं. खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकात बांधून झालं ते पुणे शहर, लष्कर आणि शेतीसाठी. त्याचा उजवा कालवा शहरातून दौंडच्या बाजूला गेला, डावा आमच्या काठानं खडकीकडे. कर्वेनगरात 'कॅनॉल रोड' हे नाव अजून चालतं ते त्यामुळेच. म्हणजे शंभर वर्षं शहराचं पाणी आमच्या दोन्ही अंगांनी जात होतं, एका बाजूला नदी आणि एका बाजूला पाट. आणि मी सून म्हणून आले तेव्हा आमच्या आळीतल्या बायका विहिरीवर जायच्या. पहाटे रहाटाचा आवाज सुरू व्हायचा. सासूबाई दोन हंडे डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन यायच्या, मला दोन हंड्यांची सवय नव्हती, माझ्या डोक्यावर एकच. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पोहरा खडकावर वाजायचा, मग पाणी साचेपर्यंत बायका काठावर बसून राहायच्या. मी शाळेत उशिरा पोचायचे. पुस्तिकेत याची नोंद काय होणार? डब्ल्यू. विहीर आहे. विहिरीला पाणी किती महिने, हे त्या खुणेत बसत नाही.

आणि ती विहीर कुणाची, हेही बसत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या काळात या पुस्तिका छापल्या जात होत्या त्याच काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. पुण्यात त्याच्याही आधी, 1868 मध्ये, जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तरी सत्तरच्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरावं लागलं. ते आणि त्यांचे कार्यकर्ते गावात जायचे, पाणवठे बघायचे, दलित वस्तीतल्या बायकांना विचारायचे, तुम्ही पाणी कुठून आणता? कित्येक ठिकाणी उत्तर यायचं, वरून कुणी ओतलं तर. जनगणनेच्या हिशेबानं अशा गावात पिण्याच्या पाण्याची सोय 'आहे' आणि गावातल्या शेवटच्या वीस घरांना ती नाही. बाबांच्या मोहिमेनं सरकारी रकान्यात न मावणारी मोजणी केली. कुठल्याही गावाच्या पाण्याचा इतिहास लिहायचा तर पुस्तिका आणि ती मोहीम दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातपंपाची खूण 1972 च्या दुष्काळानंतर वाढली. विंधन विहिरी घेणारी यंत्रं आली, त्यावर बसवायचे पंप आले. सोलापूर आणि जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळांमध्ये ओतीव लोखंडाच्या तकलादू पंपांऐवजी दणकट पोलादी पंप तयार झाले, आणि त्या सोलापुरी पंपावरूनच पुढे देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' घडला. खेड्यातल्या बायकांच्या आयुष्यात त्या दांड्यानं जो फरक केला तो पुष्कळ मोठ्या योजनांनी केला नाही. त्याला रहाटाची दोरी नव्हती आणि तो कुठल्या एका आळीच्या मालकीचा नव्हता. पंप कुठे बसवायचा यावरून भांडणं झाली, ती व्हायचीच. पण पंप बसला की रांग सगळ्यांची एक.

1961 ची पुस्तिका वाचताना मात्र मी थांबते. त्या वर्षीची मोजणी 1 मार्चच्या सूर्योदयाची. 12 जुलैला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं जुनं धरणही खचलं, आणि ते सगळं पाणी आमच्या काठावरून पुण्यात शिरलं. जनगणना झाल्यावर साडेचार महिन्यांच्या आत. त्या पुस्तिकेतली नदीकाठच्या वस्त्यांची घरं, माणसं ही पुराच्या आधीची आहेत. शहराचं नळाचं पाणी तुटलं तेव्हा पुण्यातल्या लोकांनी बुजत चाललेले वाड्यांमधले आड पुन्हा उपसले. सासरे सांगायचे, नदीच्या बाजूची माती वाहून गेली आणि खाली खडक उघडा पडला, मळईत पुन्हा भाजी यायला वर्षं लागली. पुस्तिकेत जमिनीचेही रकाने असतात: बागायत किती, जिरायत किती, पडीक किती. 1961 आणि 1971 चे नदीकाठच्या गावांचे हे रकाने कुणीतरी नीट मांडून बघायला हवेत. पुरावर पुष्कळ लिहिलं गेलं, ते शनिवार-नारायण पेठेवर. काठच्या शेतांवर फार थोडं.

प्रगणकाचं काम कसं चालायचं ते इथे सांगते, कारण ते आता बदलणार आहे. आधी गटाचा हातानं काढलेला नजरी नकाशा. नदी, देऊळ, शाळा, वाट, आणि घरांचे चौकोन. मग प्रत्येक दारावर गेरूनं नंबर. नवीन रंगवलेल्या दारावर गेरू लावला की घरची माणसं चिडायची. 9 फेब्रुवारीपासून महिनाअखेरपर्यंत घरोघर जायचं, आणि 28 च्या रात्री उघड्यावर झोपणारे मोजायचे: रस्त्याच्या कामावरचे मजूर, वीटभट्टीवरचे, देवळाच्या ओसरीतले. त्या रात्री कंदील घेऊन फिरताना जी माणसं भेटायची ती एरवी गावाच्या कुठल्याच यादीत नसायची.

सगळ्यात अवघड वय. म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल माहीत नसायचं आणि विचारलं की "लिहा साठ" म्हणायची. म्हणून त्यांना प्रसंग विचारायचे असतात. एका आजींनी मला सांगितलं, "बाई, मानमोडी आली तेव्हा मी रांगत होते म्हणायची माझी आई." मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. म्हणजे आजी 1981 ला त्रेसष्ट-चौसष्टच्या. कुणी सांगायचं, गांधीबाबांना मारलं त्या साली माझं लगीन. कुणी सांगायचं, भूकंपानंतरचा हा पोरगा, म्हणजे डिसेंबर 1967 नंतरचा, कोयनेच्या. धाकट्या पिढीची तर वयं पानशेतच्या पुरावरून लागायची, पुराआधीची की पुरानंतरची. नवऱ्याचं नाव विचारलं की बायका हसून पदर तोंडाला लावायच्या आणि शेजारी उभ्या नातवाला म्हणायच्या, "सांग रे बाईंना." मुलगा आजोबांचं नाव खणखणीत आवाजात सांगायचा.

आणि काम. "काय काम करता?" या प्रश्नाला दहातल्या नऊ बायकांचं उत्तर, "काही नाही, घरीच असते." हे सांगणाऱ्या बाईच्या पुढ्यात मेथीचा ढीग असायचा, ती बोलता बोलता जुड्या बांधत असायची, आणि त्या जुड्या पहाटे सायकलवरून पुण्याच्या मंडईत जायच्या. ती बिनकामाची म्हणून नोंदली गेली तर तो खोटा इतिहास झाला. 1991 च्या जनगणनेत त्या प्रश्नातच शब्द घातले गेले, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही काम धरायचं. ते शब्द यावेत म्हणून देशभर बायकांनी आणि अभ्यासकांनी आग्रह धरला होता. मी तो प्रश्न दारोदार मोठ्यानं वाचून दाखवला. तरीही कित्येकींच्या तोंडून "घरीच असते" निघायचं, आणि मग मी जुड्यांकडे बोट दाखवायचे.

रस्त्याच्या रकान्याचं आमच्या बाजूला वेगळंच. वारज्याला लागून हिंगणे बुद्रुक, आताचं कर्वेनगर. तिथल्या माळावर 1900 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवांचा आश्रम नेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते चिखलातून पायी हिंगण्याला यायचे, सामान खांद्यावर घेऊन. शहराच्या इतक्या जवळ असून रस्ता नसणं म्हणजे काय, हे त्या पायपिटीवरून समजावं. पुढे खडकवासल्याजवळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. 1949 मध्ये पायाभरणी, 1955 मध्ये सुरू. आमच्या गावावरून जाणारा रस्ता एनडीए रोड झाला. पक्क्या रस्त्यानं आधी दुधाच्या किटल्या आणि भाजी वेळेवर शहरात पोचायला लागली, मग बस आली, मग प्लॉट पाडणारे आले. त्यानंतर मुंबई-बंगळूर बाह्यवळण गावाच्या छातीवरून गेलं. दवाखाना, पाइपलाइन, गटार ही रस्त्याच्या मागून, फार मागून आली.

वस्तीही बदलली. मुळशी, वेल्हे, भोर इकडच्या डोंगरातली माणसं कामाला आली, मग मराठवाड्यातली. वेल्हे तालुक्याची (आता राजगड) लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये वाढण्याऐवजी थोडी घटली, 2011 ला ती साधारण 54 हजार होती. त्याच पुस्तिकेत वेल्ह्याची पानं उघडून सोयींचे रकाने वाचले की कळतं, माणसं का निघाली. 'दहाच्या वर', 'दहाच्या वर' अशा खुणा ओळीनं. दहा किलोमीटरवरचा दवाखाना म्हणजे बाळंतिणीला झोळी करून न्यायची. ज्यांनी ती झोळी उचलली त्यातले कितीतरी आज वारज्याच्या रामनगर, गोकुळनगरात राहतात.

आता वारजे शहरात गेल्यानं मोजणीत काय बदललं, ते सांगते. 2001 पासून घरयादीच्या वेळी विचारतात, पिण्याचं पाणी कुठे मिळतं: घराच्या आवारात, जवळ, की दूर? 'जवळ'ची व्याख्या खेड्यात 500 मीटरच्या आत आणि शहरात 100 मीटरच्या आत. म्हणजे 300 मीटरवरून हंडा आणणारी बाई 2001 मध्ये शिवण्यात असेल तर तिचं पाणी 'जवळ', आणि तिची बहीण वारज्याच्या वस्तीत असेल तर तिचं 'दूर'. रस्ता तोच, हंडा तोच. खेड्यातल्या बाईनं 400 मीटर चालणं सरकारला जवळ वाटतं, हे मी कधी मान्य केलं नाही. तिच्या मानेला शहर-खेडं कळत नाही.

गाव गेलं की दुसरीही गोष्ट होते. नगरांच्या यादीत पुणे महापालिकेला एकच ओळ. पाण्याचा स्रोत, साठवण, रस्त्यांची लांबी, सगळं एका ओळीत, 2011 च्या 31 लाख 24 हजार माणसांसाठी. घरोघरची माहिती प्रभागवार मिळते, पण प्रभाग म्हणजे गाव नव्हे. त्याच्या रेषा बदलत राहतात. वारज्याच्या जुन्या गावठाणाला आज कुठलं पाणी, कधी, किती, हे वेगळं काढायचं तर कुठल्या रकान्यात बघायचं? शहराला पाणी शुद्ध करून देणारं एक मोठं जलकेंद्र वारज्यातच आहे, म्हणून हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे.

एनडीए रस्त्यानं पुढे जावं तसं हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. वारजे 1997 ला, शिवणे-उत्तमनगर 2017 ला, कोंढवे-धावडे आणि कोपरे 2021 ला. नदीपलीकडे धायरी 2017 ला, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला 2021 ला. 2011 च्या पुस्तिकेत पाण्याच्या रकान्याची फोड झाली होती: नळाचं पाणी शुद्धीकरण केलेलं की न केलेलं, विहीर झाकलेली की उघडी. फार चांगले प्रश्न. त्या वेळी ही सगळी गावं गावं होती, त्यांना ते गाव म्हणून विचारले गेले. मग ती शहरात आली. आणि जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमची, साथ आली. पुणे परिसरात संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण झाले, हातापायातली ताकद जाऊन माणसं अतिदक्षता विभागात पडली, काही दगावली. संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे गेली, नांदेडगावची विहीर सगळ्या वर्तमानपत्रांत आली. आमच्या घरातून नदीच्या पलीकडे तो भाग दिसतो. त्या दिवसांत मी 2011 ची पुस्तिका पुन्हा काढून त्या गावांच्या ओळी वाचल्या. शुद्ध की अशुद्ध, झाकलेली की उघडी, हा प्रश्न चौदा वर्षांपूर्वीच विचारून ठेवला होता. हद्दवाढीच्या दिवशी ती ओळ कुणीतरी हातात घेऊन गावात जायला हवं होतं.

2021 ची जनगणना झालीच नाही. आता मोजणी 1 मार्च 2027 ची, मोबाइलवर, जातीच्या नोंदीसह. शिवणे, कोपरे, कोंढवे-धावडे ही नावं गावांच्या यादीतून निघतील. माझं म्हणणं एवढंच, की हद्दवाढीत गेलेल्या प्रत्येक महसुली गावाची ओळ निदान पुढची दोन-तीन दशकं वेगळी छापावी. महसुली गाव कुठे जात नाही, त्याचे सर्व्हे नंबर तेच असतात, सात-बारा निघतोच. मग तेरा आणि चौदा नंबर का बंद करायचे? ग्रामपंचायतींची दप्तरं, करआकारणीच्या वह्या, जन्म-मृत्यूची रजिस्टरं हस्तांतराच्या वेळी कपाटात बंद होतात. त्यांच्या प्रती गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवाव्यात.

जुन्या पुस्तिका जनगणना खात्यानं संगणकावर खुल्या केल्या आहेत, गोखले संस्थेच्या ग्रंथालयातही बघायला मिळतात. मी एका फुलस्केप वहीत एनडीए रस्त्यावरच्या गावांच्या ओळी मराठीत उतरवून घेते आहे, 1961 पासून. डाव्या पानावर छापील ओळ. उजव्या पानावर गावातल्या वयस्क बायका जे सांगतात ते: कुठली विहीर, कुणाची, कितीला आटायची, नळ पहिल्यांदा कुठल्या आळीत आला आणि कुठल्या आळीत शेवटी. वारजे, शिवणे झालं. कोंढवे-धावड्याचं डावं पान भरलं आहे, उजवं पुढच्या आठवड्यात सुरू करते. तिथल्या एका निवृत्त अंगणवाडी सेविकेनं दुपारी या म्हणून सांगितलं आहे, सकाळी अजून टँकरची वेळ असते.